प्रश्न विचारणारी श्रद्धा

अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या विवेकसिंधूची मांडणी गुरू आणि शिष्य यांच्या संवादाची आहे. शिष्याने शंका काढावी आणि गुरूने ती फेडावी, ही रीत मराठी वाङ्मयाच्या आरंभापासूनची होय. असे असूनही धर्माच्या क्षेत्रात प्रश्न करणारा तो अश्रद्ध, असा समज आपल्याकडे दृढ आहे. ख्रिस्ती धर्माविषयी तर, तेथे विश्वास ठेवायचा असतो, शंकेला जागा नसते, असे सुशिक्षितही सहज बोलून जातात. पंडिता रमाबाईंचे चरित्र या समजाला छेद देते. त्यांनी प्रश्न विचारीतच ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि स्वीकारल्यानंतरही प्रश्न विचारणे सोडले नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले आणि या अपराधाबद्दल त्यांना पंडितांच्या सभेपुढे उत्तर द्यावे लागले. रमाबाईंचे अध्ययन या विदुषी मातेपाशी झाले. तीर्थाटन आणि पुराणकथन यांवर चाललेला हा संसार दुष्काळाने मोडला. व्रते, दाने, अनुष्ठाने सारी यथासांग करूनही १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने आई, वडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. शास्त्रात सांगितलेले सर्व काही केले, मग फळ का नाही, हा रमाबाईंचा पहिला मोठा प्रश्न होता आणि तो भुकेतून आलेला होता.

भावासह पायी भटकत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेद दिले. स्त्रीला वेदांचा अधिकार नाही या संस्कारात वाढलेल्या रमाबाई प्रथम बिचकल्या, पण त्यांनी वाचन केले. धर्मशास्त्रे तपासताना त्यांच्या ध्यानी आले की, बहुतेक बाबतींत परस्परांशी न जुळणारे हे ग्रंथ स्त्री आणि शूद्र यांना मोक्षमार्गापासून दूर ठेवण्याच्या बाबतीत मात्र एकमताचे आहेत. पुढे भाऊ गेला. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर विवाह केला, आणि १८८२ मध्ये तेही पटकीने वारले. तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील मठात राहिल्या. या मठाच्या भगिनी वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत. ज्यांना समाज दारात उभे करीत नाही, त्यांची सेवा या बायका का करतात, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीवरची भेट सांगण्यात आली. ती स्त्री परजातीची आणि लोकापवादाने घेरलेली होती. तिनेही ख्रिस्ताला प्रश्नामागून प्रश्न केले होते आणि ख्रिस्ताने तिला गप्प बसविले नव्हते. काशीचे पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे प्रथम ख्रिस्ती मताचे खंडन करण्यास निघाले आणि अखेर १८४८ मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले होते. त्यांच्या पत्रांनीही रमाबाईंच्या अनेक शंका फेडल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

आता प्रश्न संपतील, अशी मठवासिनींची अपेक्षा होती. ती फोल ठरली. एका देवात तीन व्यक्ती कशा, चर्चने पुढे रचलेली मतपत्रे मूळ शास्त्राइतकी बंधनकारक का, याचा उलगडा रमाबाई मागत राहिल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपल्या देशबांधवांना कळेल असे संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे बिशपांचे मत पडले, तेव्हा हा निर्बंध त्यांनी मानला नाही. सिस्टर जेराल्डिन यांना या साऱ्यात अहंकार दिसला. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांना मात्र त्यात प्रामाणिक शोध दिसला. रमाबाईंची भूमिका साधी होती. एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेली मान दुसऱ्या जोखडाखाली देणे त्यांना मान्य नव्हते. ख्रिस्ताला त्यांनी आपले मानले होते, पण सदसद्विवेक कोणाकडे गहाण टाकला नव्हता. हा सारा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला.

या वृत्तीची किंमत त्यांना दोन्हीकडून मोजावी लागली. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्यास नेले. येथे धर्मशिक्षण नाही म्हणून मिशनरी नाराज झाले. विधवा मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पुणेकर संतापले. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सहायकही दूर झाले. धर्माबाबत तटस्थतेचा शब्द पाळला गेला नाही, ही त्यांची तक्रार अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तथापि आपल्या प्रार्थनेचे दार कोणासाठी बंद करणे रमाबाईंना पटले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि स्त्रिया आणून केडगावच्या मुक्ती सदनात वसविल्या. मातापित्यांच्या मृत्यूने उभ्या केलेल्या प्रश्नाला दिलेले हे कृतीचे उत्तर होते. उतारवयात त्यांची श्रद्धा अधिक सरळ आणि भावपूर्ण झाली, तरी जिज्ञासा आटली नाही. प्रचलित मराठी बायबलची भाषा खेड्यातील बाईला कळत नाही असे दिसताच त्या ग्रीक आणि हिब्रू शिकल्या, आणि मुळावरून सबंध बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

ज्याच्यावर भरवसा असतो, त्यालाच मनुष्य मनापासून प्रश्न विचारतो. वर्गात शंका विचारणाऱ्या मुलाला उद्धट ठरविणारा शिक्षक आणि देवघरात शंका काढणाऱ्या मुलीला दटावणारे वडील हे विसरतात. धर्म कोणताही असो, गप्प बसलेली माणसे त्याला आज्ञाधारक अनुयायी देतील. रमाबाई देणार नाहीत.