जेसी रॅम्सडेन

जेसी रॅम्सडेन (१७३५ – ५ नोव्हेंबर १८००) हे अठराव्या शतकातील इंग्लंडमधील ख्यातनाम उपकरणकार होते. नौकानयन, खगोलशास्त्र आणि भूमापन यांसाठी लागणाऱ्या कोनमापक उपकरणांच्या वर्तुळांवर अंशांच्या रेघा अचूक आखणारे विभाजनयंत्र ही त्यांची सर्वांत महत्त्वाची निर्मिती होय. वर्तुळाच्या फिरण्यात राहणारी सूक्ष्म चूक शोधून ती दूर करणे किंवा निष्प्रभ करणे, या एकाच प्रश्नाभोवती त्यांचे बहुतेक काम फिरत राहिले.

सुरुवातीचे जीवन

रॅम्सडेन यांचा जन्म यॉर्कशायर परगण्यातील हॅलिफॅक्स गावाजवळच्या सॉल्टरहेबल येथे झाला. वडील सराई चालवत. प्रथम हॅलिफॅक्समध्ये कापडाच्या धंद्यात उमेदवारी केल्यानंतर १७५५ मध्ये ते लंडनला आले आणि एका कापडाच्या वखारीत कारकून झाले. वयाच्या विशीत त्यांनी ही नोकरी सोडली व बर्टन नावाच्या उपकरणकाराकडे पुन्हा उमेदवारी पत्करली. त्या काळच्या मानाने हे वय उमेदवारीसाठी उशिराचेच होते. पुढे त्यांनी स्वतःचे दुकान काढले. ते आधी हेमार्केट व नंतर पिकॅडिली भागात होते. अवर्णक दुर्बिणीसाठी प्रसिद्ध असलेले जॉन डॉलंड यांच्या कन्या सेराह यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

विभाजनयंत्र

अंशाचे साठ भाग म्हणजे कला आणि कलेचे साठ भाग म्हणजे विकला. समुद्रावर चंद्र व तारा यांमधील कोन मोजून रेखांश काढताना कोनात एका कलेची चूक झाली, तर रेखांशात सुमारे अर्ध्या अंशाची चूक होते. विषुववृत्ताजवळ हे अंतर ३० सागरी मैल भरते. रात्रीच्या अंधारात खडकाळ किनाऱ्याजवळ येणाऱ्या जहाजाला एवढी चूक जिवावर बेतणारी होती. सेक्स्टंटच्या कमानीवरील रेघा तोपर्यंत कंपासच्या साहाय्याने हाताने आखल्या जात. जॉन बर्ड यांच्यासारखा कसबी कारागीर हे काम उत्तम करी, पण असे हात मोजके होते आणि वेळ फार लागे. यॉर्कचे घड्याळजी हेन्री हिंडली यांनी पूर्वी एक विभाजनयंत्र केले होते. मात्र त्याचा प्रसार झाला नाही.

रॅम्सडेन यांचे पहिले यंत्र १७६७ च्या सुमारास तयार झाले. त्याच्या अचूकतेवर त्यांचे समाधान झाले नाही. हे यंत्र नंतर फ्रान्समधील बोशार द सारों यांनी विकत घेतले आणि निर्यातीवरील बंदी चुकवण्यासाठी ते मेजाच्या पायथ्यात दडवून नेले, असे सांगितले जाते. दुसरे आणि मोठे यंत्र १७७० च्या दशकाच्या मध्यास पुरे झाले. त्याचे काशाचे आडवे चाक ४५ इंच व्यासाचे असून त्याच्या कडेला २,१६० दाते होते. दात्यांत अडकवलेले मळसूत्र एकदा फिरवले की चाक दहा कलांनी सरके. सहा फेऱ्यांत एक अंश पूर्ण होई. मळसूत्राच्या डोक्यावरील चकतीचे साठ भाग केलेले असल्याने दहा विकलांपर्यंतची हालचाल नेमकी साधता येई. चाकाच्या कडेवर हे अंतर जेमतेम एक सहस्रांश इंच होते.

खरी अडचण दाते समान पाडण्याची होती. रॅम्सडेन यांनी चाकाचा परीघ आधी पाच, मग प्रत्येकी तीन भागांत विभागला आणि त्या पंधरा भागांचे चार वेळा निम्मे करत २४० खुणा केल्या. दोन खुणांमध्ये नऊ दाते येत. कापणारे मळसूत्र प्रत्येक खुणेपाशी नव्याने जुळवून घेतल्यामुळे एका ठिकाणची चूक पुढे साचत गेली नाही. नंतर तेच मळसूत्र चाकाभोवती वारंवार फिरवून दाते पूर्ण खोल केले. या फेऱ्यांत उरलेसुरले उंचसखलपण सर्व दात्यांवर वाटले जाऊन झिजले. असे मळसूत्र कापण्यासाठी लागणारे लेथही त्यांना स्वतःच घडवावे लागले. आखायचे उपकरण चाकाच्या मध्याशी तंतोतंत बसले नाही, तर उत्तम दातेही निरुपयोगी ठरतात. म्हणून मधल्या आसावर उपकरण नेमके बसवण्याची सोय त्यांनी विशेष काळजीने केली होती.

या यंत्रावर एक सेक्स्टंट अर्ध्या तासाच्या आत आखून होई. रेखांश मंडळाने १७७७ मध्ये त्यांना एकूण ६१५ पौंड दिले. त्यांपैकी ३०० पौंड शोधाबद्दल आणि ३१५ पौंड यंत्राच्या मालकीबद्दल होते. यंत्र त्यांच्याकडेच राहिले. पण त्याची रचना प्रसिद्ध करणे, इतर कारागिरांना ती शिकवणे आणि त्यांची उपकरणे ठरावीक दराने आखून देणे, अशा अटी होत्या. ऑक्टंटला तीन शिलिंग व सेक्स्टंटला सहा शिलिंग असा तो दर होता. धंद्यातील गुपिते जिवापाड जपण्याच्या त्या काळात या अटींचे महत्त्व पुरस्काराच्या रकमेपेक्षा अधिक होते. अचूक सेक्स्टंट लहान आकारात आणि सामान्य नाविकाला परवडेल अशा किमतीत मिळू लागला.

पूर्ण वर्तुळ आणि समोरासमोरचे सूक्ष्मदर्शी

आखणी निर्दोष असली, तरी वर्तुळाचा मध्य आणि ते ज्यावर फिरते त्या आसाचा मध्य क्वचितच एक असतात. तीन फूट व्यासाच्या वर्तुळात ही तफावत इंचाच्या एक सहस्रांशाएवढी असली, तरी कोनात ११ विकलांहून अधिक चूक येऊ शकते. मात्र वर्तुळाच्या एका बाजूचे वाचन यामुळे जितके वाढते, तितकेच समोरच्या बाजूचे घटते. दोन्ही बाजूंना सूक्ष्मदर्शी बसवून वाचनांची सरासरी घेतली, की ही चूक नाहीशी होते. वेधशाळांत तेव्हा रूढ असलेल्या चतुर्थांश वर्तुळाला समोरची बाजूच नसते. रॅम्सडेन यांनी पूर्ण वर्तुळाचा पुरस्कार केला, तो मुख्यतः याच कारणाने.

सिसिलीतील पालेर्मोच्या वेधशाळेसाठी केलेले पाच फूट व्यासाचे उभे वर्तुळ हे या विचाराचे पहिले मोठे फळ होते. खगोलशास्त्रज्ञ जुझेप्पे पियाझ्झी हे लंडनमध्ये ठाण मांडून बसले आणि सतत पाठपुरावा करत राहिले. तेव्हा कुठे १७८९ मध्ये ते पूर्ण झाले. याच उपकरणाने घेतलेल्या वेधांतून पियाझ्झी यांना १ जानेवारी १८०१ रोजी सेरेस हा पहिला लघुग्रह सापडला. रॅम्सडेन यांचे निधन त्याच्या दोनच महिने आधी झाले होते.

मोठा थिओडोलाइट

ग्रीनिच आणि पॅरिस येथील वेधशाळा त्रिकोणांच्या साखळीने जोडण्यासाठी जनरल विल्यम रॉय यांनी १७८४ मध्ये थिओडोलाइटची मागणी केली. तीन फुटी वर्तुळाचे व सुमारे २०० पौंड वजनाचे हे उपकरण १७८७ मध्ये हाती आले. पृथ्वीच्या वक्रतेमुळे जमिनीवरील मोठ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून काही विकलांनी अधिक भरते. हा फरक प्रत्यक्ष मोजू शकणारे ते पहिले उपकरण होय. तीन वर्षांच्या विलंबाने संतापलेल्या रॉय यांनी आपल्या अहवालात रॅम्सडेन यांना उघड दोष दिला. रॅम्सडेन यांनी १७९० मध्ये रॉयल सोसायटीकडे त्याविरुद्ध तक्रार केली.

दिरंगाईचा आरोप मात्र निराधार नव्हता. राजाच्या भेटीला ते ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, पण एक वर्ष उशिरा पोहोचले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. आयर्लंडमधील डनसिंक वेधशाळेने १७८५ च्या सुमारास मागवलेले वर्तुळ दहा फुटांवरून नऊ आणि नऊवरून आठ फुटांवर आले. त्यांचे उत्तराधिकारी मॅथ्यू बर्ज यांनी ते पुरे केले आणि १८०८ मध्ये पोहोचवले. मनासारखे न उतरलेले काम मोडून पुन्हा आरंभायचे, ही रॅम्सडेन यांची रीत होती. ग्राहकांचा त्रास आणि उपकरणांची ख्याती या दोहोंचे मूळ तिच्यातच होते.

सन्मान व अखेर

१७८६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १७९५ मध्ये त्यांना कोपली पदक मिळाले. सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीनेही त्यांना सदस्यत्व दिले. दुर्बिणीतील एक नेत्रिका आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. ब्रायटन येथे त्यांचा मृत्यू झाला. मागे फारशी संपत्ती नव्हती, आणि जी होती तिचा बराचसा भाग मृत्युपत्राने त्यांच्या कारागिरांना मिळाला.

भारताशी संबंध

रॅम्सडेन यांचा दुसरा मोठा थिओडोलाइट ईस्ट इंडिया कंपनीसाठी तयार झाला होता. किंमत जास्त वाटल्याने कंपनीने तो नाकारला व १७९१ मध्ये तो ब्रिटनच्याच सर्वेक्षणासाठी घेण्यात आला. तरीही विल्यम लँबटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेल्या सर्वेक्षणात रॅम्सडेन यांची पोलादी साखळी वापरली गेली. ती मुळात चीनच्या सम्राटाला द्यायच्या भेटवस्तूंबरोबर गेलेली होती. लँबटन यांचा थिओडोलाइट रॅम्सडेन यांचे शिष्य विल्यम केरी यांनी घडवला होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून तो भिंतीवर आदळला आणि त्याचे वर्तुळ वाकले. लँबटन यांनी सुमारे सहा आठवडे तंबूत बसून ते स्वतः पूर्ववत गोल केले. १८२३ मध्ये हेच सर्वेक्षण चालू असताना हिंगणघाट येथे लँबटन यांचे निधन झाले. रॅम्सडेन यांचे दुसरे विभाजनयंत्र सध्या वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे.