रामशास्त्री प्रभुणे : एका वधाची चौकशी

नारायणराव पेशव्यांच्या वधाची कथा मराठी वाचकाच्या इतकी परिचयाची आहे की त्या वधाची रीतसर चौकशी झाली होती ही गोष्ट तिच्याआड झाकली जाते. ‘ध’चा ‘मा’ झाला असे आपण सहज बोलून जातो. पण तो कागद तपासणारा कोण होता आणि त्याला कोणता अधिकार होता, हे सहसा विचारीत नाही. रामशास्त्री प्रभुणे यांच्या चरित्राचे मर्म मात्र या प्रश्नातच आहे.

कृष्णा-वेण्णांच्या संगमावरील माहुली हे शास्त्रीबुवांचे गाव. तरुण वयापर्यंत त्यांना विद्येचा गंध नव्हता. साताऱ्याच्या अनगळ सावकारांकडे ते शागिर्दी करीत. धन्याच्या पायांवर पाणी घालताना नजर त्याच्या अंगावरील मोत्यांकडे गेली, धन्याने त्याबद्दल टोचून बोलले आणि हा तरुण काशीस निघून गेला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, काशीतील अध्ययनाबद्दल शंका नाही. तेथे बाळंभट्ट पायगुंडे हे त्यांचे गुरू होते. मिताक्षरेवरील ‘बाळंभट्टी’ ही टीका याच नावाने ओळखली जाते, आणि मिताक्षरा ज्या याज्ञवल्क्यस्मृतीवर आधारलेली आहे तिचे आचार, व्यवहार व प्रायश्चित्त असे तीन अध्याय आहेत. व्यवहार म्हणजे राजसभेतील न्याय. त्याच्या पाठीशी राजदंड असतो. प्रायश्चित्त ज्याचे त्याने आपण होऊन घ्यावयाचे असते. हा भेद पुढील हकिकतीसाठी ध्यानात ठेवावा.

काशीहून परतल्यावर ते पुणे दरबारच्या धर्मखात्यात आले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. घरात दिवसापुरतीच शिधासामग्री ठेवण्याचा त्यांचा नेम प्रसिद्ध आहे. थोरले माधवराव जपतपात अधिक काळ घालवू लागले, तेव्हा क्षात्रकर्म स्वीकारलेल्या ब्राह्मणाने एक तर राज्य पाहावे, नाही तर दोघांनी मिळून काशीची वाट धरावी, असे त्यांनी सुनावल्याचे सांगतात. असा पेशवा लाभणे हेही न्यायाधीशाचे भाग्यच म्हटले पाहिजे. ते फार काळ टिकले नाही. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावांचा अंत झाला आणि पेशवाईची वस्त्रे त्यांच्या धाकट्या भावाकडे आली.

३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. शनिवारवाड्यात गणपती बसलेला होता. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी दुपारी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव धावत गेले ते वाड्यातच नजरकैदेत असलेल्या चुलत्याकडे, रघुनाथरावांकडे, आणि तेथेच ते मारले गेले. त्यांच्या अंगावर पालथा पडलेला चाफाजी टिळेकर हा सेवकही सुटला नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या दिवसाच्या मृतांची संख्या अकरा दिली आहे.

गादीवर आता रघुनाथराव आले. गारद्यांनी पगारासाठी दंगा केला व त्यात पेशवे सापडले, असा खुलासा सोयीचा होता आणि तो मान्य करण्यास पुष्कळ लोक तयारही होते. रामशास्त्र्यांनी त्याच दरबारात राहून चौकशी चालविली. सुमारे सहा आठवडे ती चालली, असे ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात नमूद केले आहे. तिचा माग गारद्यांपाशी थांबला नाही. तो आज्ञापत्रापर्यंत, म्हणजे ज्याच्या नावाने न्यायसभा भरत होती त्या पुरुषापर्यंत गेला. आपण पुतण्याला धरण्याची आज्ञा दिली होती, मारण्याची नव्हे, एवढे रघुनाथरावांनी कबूल केले. मूळ कागदावर अक्षर फिरवलेले होते आणि ते आनंदीबाईंनी फिरवले, ही समजूत डफच्या काळी रूढ झालेली होती. तिला स्वतंत्र व निर्णायक पुरावा नाही. एका अक्षरावर आणि एका स्त्रीवर सगळा दोष लोटण्यात कथा सांगणाऱ्याची सोय असते. सरदेसायांनी दिलेली गणती निराळे चित्र दाखवते: कटात गुंतलेल्या एकूण ४९ असामींत गारदी अवघे १३ आणि ब्राह्मण २६. म्हणजे हे काम शिपाईगर्दीचे नव्हते.

यानंतरचा प्रसंग चित्रपटांपर्यंत पोहोचला आहे (प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ चा). रघुनाथरावांनी आपल्याला प्रायश्चित्त काय, असे विचारले; शास्त्र्यांनी देहान्त सांगितला. या उत्तराचे धैर्य सर्वांनी वाखाणले आहे. त्यातील शास्त्रीय काटेकोरपणा मात्र फारसा कोणी पाहिला नाही. व्यवहाराच्या मार्गाने शिक्षा देण्यासाठी दंड हाती असलेला राजा लागतो, आणि येथे आरोपीच सत्ताधीश होता. म्हणून उत्तर प्रायश्चित्ताध्यायातून आले. अपराध्याने ते पाळले नाही तर सांगणाऱ्याच्या हाती एकच गोष्ट उरते, आपला अधिकार टाकून देणे. रघुनाथराव सत्तेवर असेतो पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असे सांगून शास्त्री वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

चौकशी फुकट गेली का? तिच्या निष्कर्षाने रघुनाथरावांच्या सत्तेचे नैतिक बळ गेले आणि बारभाईंच्या पक्षाला आधार मिळाला. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला. कारभार बारभाईंकडे आला आणि रामशास्त्री पुन्हा न्यायासनावर बसले. आता दंड होता. महंमद इसफ पकडला जाऊन मारला गेला. खरकसिंग आणि तुळाजी पवार यांनी हैदर अलीचा आश्रय घेतला होता. हे टिपण बंगळूरच्या ज्या इलेक्ट्रॉनिक सिटीत लिहिले जात आहे तो होसूर रस्त्यावरचा मुलूखही त्या काळी हैदराच्याच अमलाखाली होता. फरारी माणसाला पुण्याचा हात तेथवर पोहोचणार नाही असे वाटले असल्यास नवल नाही. तो पोहोचला. दोघेही पुढे पुण्याच्या स्वाधीन झाले आणि त्यांना देहान्त शासन झाले.

ज्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले होते ते रघुनाथराव मात्र १७७५ मध्ये सुरतेच्या तहाने इंग्रजांच्या आश्रयास गेले. एका खुनाचा आरोपी परकी सत्तेच्या राजकारणातील मोहरा झाला, आणि त्यापायी मराठे व इंग्रज यांच्यात सालबाईच्या तहापर्यंत, १७८२ पर्यंत, युद्धप्रसंग चालू राहिले. १७८३ च्या अखेरीस कोपरगाव येथे रघुनाथरावांना अंथरुणावर मरण आले. पुण्यात रामशास्त्री तेव्हाही न्यायाधीश होते. १७८९ मध्ये ते निवर्तले.