कर्करोगाचे मूळ शोधणारे डॉ. खानोलकर

डोके आणि मान या भागातील कर्करोगावर आता किरणांचा झोत गाठीच्या आकाराबरहुकूम वळविता येतो. लाळग्रंथी, मज्जारज्जू आणि डोळे शक्य तितके वाचवून गाठीवर मारा करणे, हे या लक्ष्यवेधी किरणोपचाराचे वैशिष्ट्य. परंतु नेम धरण्यापूर्वी लक्ष्य ठाऊक असावे लागते. भारतातील तोंडाच्या कर्करोगाची ओळख ज्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पटवून दिली, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे.

१३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी मिळविली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी विकृतिशास्त्र शिकविले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. त्या काळी किरणोपचार म्हणजे रेडियम आणि क्ष-किरण. खोलवरच्या गाठीपर्यंत पुरेसे किरण पोहोचविताना वरची त्वचा भाजून निघे.

कर्करोग हा पाश्चात्त्यांचा आजार, भारतात तो विरळाच, असा समज तेव्हा रूढ होता. खानोलकरांनी तर्कवितर्क न करता रुग्णांची मोजदाद केली. १९४४ साली मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा त्यांनी 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. रोग विरळ तर नव्हताच. शिवाय त्याचे धागेदोरे तंबाखू, सुपारी आणि चुन्याच्या सवयीपर्यंत पोहोचत होते. निरनिराळ्या समाजांच्या चालीरीती आणि त्यांच्यात आढळणारे कर्करोग यांची सांगड घालण्याचे काम त्यांनी पुढे चालूच ठेवले.

१९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. कुष्ठरोगावरील त्यांचे संशोधनही तितकेच मोलाचे ठरले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. राष्ट्रीय प्राध्यापकपद आणि पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. खारघरच्या संशोधन संकुलातील 'खानोलकर शोधिका' त्यांचे नाव आजही मिरवते.

खानोलकर मुंबईत ही मोजदाद करीत होते, तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लातूर तर उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. तंबाखूची चंची मात्र येथेही घरोघरी होती. पुढे संस्थान गेले, १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला, चंचीच्या जागी गुटख्याची पुडी आली. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी तंबाखूची सवय सुटली नाही.

या भागातील रुग्णाला वर्षानुवर्षे परळची वाट धरावी लागली. किरणोपचार एका दिवसात आटोपत नाहीत. चेहऱ्यावर मापाचा मुखवटा बसवून, आठवड्यातून पाच दिवस, सहा ते सात आठवडे ते घ्यावे लागतात. मध्येच खंड पडला तर गाठीला पुन्हा वाढायला अवसर मिळतो. शेतावर पोट असलेल्या कुटुंबाला मुंबईत दीड-दोन महिने राहणे किती जड जाते, हे सांगायला नको. म्हणूनच लातूरच्या विवेकानंद रुग्णालयाने उभारलेली कर्करोग उपचारांची सोय आणि २०१२ पासून तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू असलेले शासकीय कर्करोग रुग्णालय यांचे मोल मोठे आहे.

यंत्रे जवळ आली, किरणांचा नेमही अचूक झाला. तरीही गालातला पांढरा चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम किंवा आखडत चाललेला जबडा घेऊन रुग्ण वेळेवर आला, तरच त्या नेमाचा पुरेपूर उपयोग होतो. आणि रोगाचे मूळ जेथे आहे म्हणून खानोलकरांनी ऐंशी वर्षांपूर्वी दाखविले, ती तंबाखूची सवय तर किरणांच्या टप्प्याबाहेरच राहते. ती सोडविण्याचे काम ज्याच्या त्याच्या घरातच व्हायचे आहे.