वेषांची चित्रे घेऊन गेलेला कारकून : यान हायगेन फान लिन्स्कोटेन

इ. स. १५९६ हे साल आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात चांदबिबीमुळे अजरामर झाले आहे. मोगलांच्या वेढ्यापुढे तिने नगरचा किल्ला राखला आणि वऱ्हाड देऊन तह केला, तो याच वर्षी. त्याच वर्षी दूर हॉलंडमध्ये, अ‍ॅमस्टरडॅम शहरात, एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘इतिनेरारिओ’, म्हणजे प्रवासवृत्त, हे त्याचे नाव. त्यात आपल्या निजामशहाचा उल्लेख होता, त्याच्या चौल बंदराची हकिगत होती आणि गोव्यातील पोर्तुगीज व एतद्देशीय लोकांच्या पोशाखांची तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेली चित्रे होती. या ग्रंथाचा कर्ता यान हायगेन फान लिन्स्कोटेन हा ना सरदार होता, ना पंडित. तो एक साधा कारकून होता.

लिन्स्कोटेनचा जन्म १५६३ मध्ये हार्लेम गावी झाला. पुढे त्याचे कुटुंब एंकहाउझेन या बंदरात राहावयास गेले. जहाजे आणि खलाशांच्या गोष्टी यांच्या संगतीत त्याचे बालपण गेले. सोळाव्या वर्षी, १५७९ च्या डिसेंबरात, तो घर सोडून स्पेनमध्ये सेव्हिल येथे भावांकडे गेला व तेथून लिस्बनला पोहोचला. त्या सुमारास डोमिनिकन पंथाचे व्हिसेंते द फोन्सेका यांची गोव्याच्या आर्चबिशपपदी नेमणूक झाली. सावत्र भावाच्या खटपटीने लिन्स्कोटेनला त्यांच्या पदरी नोकरी मिळाली. ८ एप्रिल १५८३ रोजी जहाज लिस्बनहून निघाले आणि २१ सप्टेंबरला गोव्यास लागले. तेव्हा त्याचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

आर्चबिशपच्या वाड्यातील नोकरी म्हणजे गोव्याच्या राज्यकारभाराकडे उघडणारी खिडकीच. कागदपत्रे, नकाशे, पाहुणे, तंटे सारे तेथे येई. पहिल्याच वर्षी न्यूबेरी, फिच इत्यादी इंग्रज व्यापारी गोव्यात कैदेत पडले. त्यांना जामिनावर सोडविण्याच्या कामी लिन्स्कोटेनने मदत केली. त्या कामात त्याच्याबरोबर होते फादर थॉमस स्टीफन्स. पुढे १६१६ मध्ये ज्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, तेच हे मराठीचे उपासक इंग्रज पाद्री.

फावल्या वेळी लिन्स्कोटेन लिही व चित्रे काढी. गोव्याच्या रस्त्यावर त्याला काय दिसले? पोर्तुगीज गृहस्थ पाऊल मोजून टाकीत, गंभीर मुद्रेने चालला आहे. एक गुलाम त्याच्यावर छत्री धरतो, दुसरा त्याचा झगा सांभाळतो, तिसरा चर्चमध्ये गुडघे टेकण्यासाठी उशी घेऊन येतो. कुमारिका, सवाष्ण आणि विधवा यांचे निरनिराळे वेष एकाच पानावर शेजारी शेजारी उभे केलेले आहेत. चर्चला जाताना रेशीम, मोती आणि उंच तळव्यांची पादत्राणे घालणाऱ्या या स्त्रिया घरात मात्र झिरझिरीत बाजू नावाचा सदरा घालून वावरत. सर्वांत मार्मिक हकिगत आहे ती गरीब शिपायांची. दहा-बारा जण एका घरात राहात. चांगले पोशाख सर्वांत मिळून एक-दोनच. एक जण तो घालून रुबाबात बाहेर पडला की बाकीचे घरी बसून त्याच्या परतण्याची वाट पाहात!

रेशमाची चौकशी केली की आपण निजामशाहीच्या हद्दीत येतो. पोर्तुगीजांच्या चौलजवळच वरचे चौल हे निजामशहाचे. तेथील विणकर चीनहून आलेल्या कच्च्या रेशमाची नाना प्रकारची वस्त्रे विणीत आणि ती दूरदूर जात. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने पोर्तुगीज चौलला वेढा घालून पाहिला होता. तह झाल्यावर व्यापार पुन्हा सुरू झाला. ज्यांच्याशी लढाई, त्यांच्याच अंगावर आपले रेशीम, असा तो काळ होता.

लिन्स्कोटेनच्या चित्रांत आपली माणसेही आहेत. बालेघाटाचा, म्हणजे घाटमाथ्यावरील मुलखाचा वकील आहे, तेथला शिपाई आणि नर्तकी आहे, आणि गोव्याकडचा शेतकरी व त्याची बायको आहे. त्या बाईने एकच वस्त्र कमरेला गुंडाळून खांद्यावर घेतले आहे. त्यांची गवताने शाकारलेली ठेंगणी घरे आणि शेणाने सारवलेली जमीन यांचीही नोंद त्याने केली आहे.

१५८७ मध्ये आर्चबिशप पोर्तुगालला निघाले आणि वाटेतच वारले. ती बातमी कळल्यावर लिन्स्कोटेनचे मन गोव्यात रमेना. १५८८ च्या अखेरीस त्याने गोवा सोडले व १५८९ च्या आरंभी कोचीनहून मिरीच्या जहाजातून तो युरोपकडे निघाला. वाटेत अझोर्स बेटांत बुडालेल्या एका जहाजाचा माल काढण्याच्या कामी त्याला दोन वर्षांहून अधिक काळ राहावे लागले. सप्टेंबर १५९२ मध्ये तो घरी पोहोचला. पुढे १५९४ व १५९५ मध्ये उत्तर ध्रुवाकडील समुद्रातून पूर्वेची वाट शोधणाऱ्या सफरींतही तो होता.

गोव्याहून त्याने चित्रांबरोबर आणखी एक वस्तू नेली होती : पोर्तुगीज सुकाणूदारांची जलमार्गांची टिपणे. ती १५९५ मध्ये छापली गेली व त्याच वर्षी निघालेल्या पहिल्या डच ताफ्याच्या उपयोगी पडली. १५९८ मध्ये ग्रंथाची इंग्रजी व जर्मन भाषांतरे झाली. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि पूर्वेकडील पोर्तुगीजांची मक्तेदारी ढासळू लागली. ज्यांच्या घरचे अन्न खाल्ले त्यांचेच गुपित फोडले, असा ठपका कोणी ठेवील. ज्ञान कुणाच्या पेटीत कुलूपबंद राहू नये, असेही कोणी म्हणेल. वाचकाने स्वतःच निवाडा करावा.

लिन्स्कोटेन आपल्या गावी खजिनदार झाला आणि ८ फेब्रुवारी १६११ रोजी वयाच्या ४८ व्या वर्षी निधन पावला.

त्याची चित्रे पाहताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ती तांब्यावर कोरली दूटेकुम बंधूंनी, हॉलंडमध्ये. म्हणूनच आपल्या शेतकऱ्यांची अंगकाठी व चेहरे युरोपीय वाटतात. वस्त्र गोव्याचे, शरीर परक्याच्या कल्पनेतले! शिवाय वेष ही तेथे नुसती हौस नव्हती. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने एतद्देशीय ख्रिस्ती लोकांना धोतर व चोळी वापरण्यास मनाई केली. धर्म बदलला तरी अंगावरचे जुने वस्त्र लोकांनी सोडले नव्हते, हेच त्या हुकुमावरून सिद्ध होते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा चित्रात फक्त झगा घालणाऱ्याकडे पाहून भागत नाही. छत्री कोणी धरली आहे, रेशीम कोणी विणले आहे, हेही विचारावे लागते. त्या गुलामाचे आणि चौलच्या विणकराचे नाव कुठल्याही पानावर नाही. पण त्यांच्यावाचून त्या साहेबाचा रुबाब उभा राहिला नसता.