आर्चबिशप क्रॅन्मर आणि त्याचा शेवटचा लेंत

लेंत म्हणजे ईस्टरापूर्वीं येणारा उपवासाचा व पश्चात्तापाचा काळ. या दिवसांत पुष्कळ मंडळ्यांत ठरलेल्या प्रार्थना वाचितात. परंतु पुस्तकांतील प्रार्थना आपली स्वतःची केव्हां होते, हें थॉमस क्रॅन्मर याच्या चरित्रावरून चांगलें समजतें.

त्याचा जन्म इ. स. १४८९ त इंग्लंडांतील ॲस्लॉक्टन गांवीं झाला. केंब्रिज येथें विद्या संपादन करून तो तेथेंच शिकवूं लागला. इ. स. १५३३ त तो कँटरबरीचा आर्चबिशप झाला. त्या काळीं उपासना लॅटिन भाषेंत होत असे. शेतकरी व कारागीर देवळांत येत, परंतु तेथील शब्द त्यांस कळत नसत. क्रॅन्मरानें इ. स. १५४४ त लिटनी इंग्रजींत तयार केली, आणि इ. स. १५४९ त त्याच्या देखरेखीखालीं साधारण प्रार्थनेचें पुस्तक निघालें. इ. स. १५५२ च्या आवृत्तींत, सर्व मंडळीनें मिळून करावयाची पापकबुली सकाळ-संध्याकाळच्या उपासनेच्या आरंभीं घातली गेली.

राखेच्या बुधवारीं कपाळास राख लावण्याची चाल इ. स. १५४८ त बंद झाली होती. त्या दिवसासाठीं क्रॅन्मरानें जी प्रार्थना लिहिली, तींत त्यानें देवाजवळ नवें व भग्न हृदय मागितलें आहे. कपाळावरची राख गेली, पण अंतःकरणाचा अनुताप राहिलाच पाहिजे, असा तिचा भाव.

क्रॅन्मर निर्दोष नव्हता. त्याच्या अधिकारकाळांत मतभेदासाठीं माणसें जाळलीं गेलीं, आणि त्यांस दोषी ठरविणारांत तोही होता. इ. स. १५५३ त मेरी राणी गादीवर आली व त्यास कैद झाली. त्याचे सोबती रिडली व लॅटिमर यांस इ. स. १५५५ च्या आक्टोबरांत ऑक्सफर्ड येथें जाळण्यांत आलें. पुढें एकांतवास व मरणाचें भय यांनीं तो खचला, आणि आपला विश्वास नाकारणाऱ्या कागदांवर त्यानें एकदां नव्हे, तर अनेकदां सह्या केल्या.

तरी त्यास मरणदंड टळला नाहीं. ता. २१ मार्च १५५६ हा दिवस लेंतांतलाच होता. पावसामुळें लोक सेंट मेरीच्या देवळांत जमले. क्रॅन्मर आपल्या सह्या सर्वांसमोर कायम करील अशी अधिकाऱ्यांची अपेक्षा होती. परंतु त्यानें त्या भयानें केल्या असें कबूल करून सर्व परत घेतल्या. मग अग्नि पेटल्यावर, ज्या उजव्या हातानें सह्या केल्या तो त्यानें प्रथम ज्वाळेंत धरिला.

प्रिय वाचकहो, जें भग्न हृदय त्यानें मंडळीसाठीं मागितलें होतें, तें त्या लेंतांत त्याचें स्वतःचें झालें. उपदेशक बंधूंनो, आपणही दर आदितवारीं पापकबुली वाचून दाखवितों. ती वाचतांना आपण स्वतः केलेलें एक पाप देवापुढें नांव घेऊन ठेवावें, आणि ज्याचा अपराध केला असेल त्याच्या घरीं जाऊन समेट करावा. म्हणजे या लेंतांत तीच छापलेली प्रार्थना आपलीही होईल.