एक्सप्लेनर : सेल्फ मारला आणि नुसतं 'टक' झालं? हँडलपासून सुटका करणाऱ्या चार्ल्स केटरिंग यांची गोष्ट

हिंगोली : पहाटे हळदीची ट्रॉली घेऊन वसमत मार्केटला निघायचं आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टरचा सेल्फ लागत नाही. जिल्ह्यातल्या अनेक शेतकऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पण हा सेल्फ आला कुठून आणि तो बिघडतो का? जाणून घेऊया.

कोण होते केटरिंग?

चार्ल्स केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, शेतकरी कुटुंबात झाला. डोळ्यांच्या त्रासामुळे त्यांचं कॉलेज मध्येच सुटलं. काही काळ त्यांनी टेलिफोन लाइनवर काम केलं आणि १९०४ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी मिळवली. नोकरीत त्यांनी दुकानातल्या हाताने फिरवायच्या कॅश रजिस्टरला छोटी मोटर बसवली. हाच अनुभव पुढे कामी आला.

हँडलने घेतला जीव

तेव्हा गाडी हँडल मारून सुरू व्हायची. इंजिनने उलटा झटका दिला की हात मोडायचा. १९०८ मध्ये कारनिर्माते बायरन कार्टर यांचा अशाच झटक्यात झालेल्या दुखापतीनंतर मृत्यू झाला. त्यामुळे कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांनी हँडल घालवायचं ठरवलं, असं सांगितलं जातं.

इंजिन फिरवायला अवजड मोटर लागेल, असा समज होता. केटरिंग यांनी वेगळा विचार केला. मोटर काही सेकंदच चालणार असेल, तर छोट्या मोटरलाही तेवढ्यापुरता जास्त करंट देता येतो. १९११ मध्ये प्रयोग यशस्वी झाला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मॉडेलमध्ये सेल्फ आला.

सोलेनॉइड काय करतो?

आजच्या गाड्यांत किल्लीतून थोडाच करंट सोलेनॉइडकडे जातो. त्याची कॉइल आतला दांडा ओढते. त्यामुळे स्टार्टरचं दातेरी चाक फ्लायव्हीलला भिडतं आणि जाड कॉन्टॅक्ट जुळून बॅटरीचा मोठा करंट मोटरला मिळतो.

आवाजावरून ओळखा बिघाड

- लागोपाठ टक-टक, दिवे मंद : बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल, खारलेले. बंद गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते.
- एकच टक, दिवे जोरात : सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेले किंवा मोटर खराब.
- आवाजच नाही : फ्यूज, न्यूट्रल किंवा क्लच स्विच आणि सोलेनॉइडची बारीक वायर तपासा.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ जड फिरत असेल, तर चासीला जाणारी अर्थिंगची वायर बघा. टर्मिनल साफ करताना निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा.

दुसरी बाजूही आहे

केटरिंग १९२० ते १९४७ जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. त्यांच्याच हाताखाली थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याचा उपाय शोधला. इंजिनचा ठोका थांबला, पण जगभरच्या हवेत विष पसरलं. भारतात हे पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. दुसरीकडे, १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या कॅन्सर संशोधन संस्थेला स्लोन यांच्यासोबत केटरिंग यांचंही नाव आहे. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचं निधन झालं.

ही चूक टाळाच

सेल्फ लागला नाही की खाली उभं राहून स्टार्टरवर स्क्रू ड्रायव्हर टेकवायची सवय अनेकांना आहे. यात न्यूट्रलचा सेफ्टी स्विच कामच करत नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर सुरू होताच पुढे जातो आणि माणूस मागच्या चाकाखाली येऊ शकतो. सेल्फचा शोध माणसाला इंजिनसमोरून उठवून सीटवर बसवण्यासाठी होता. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये टाका, सीटवर बसूनच किल्ली फिरवा आणि तरीही नाही लागली तर मिस्त्रीला बोलवा.