शाळा खेड्यात नेणारे कर्मवीर

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. वडील महसूल खात्यात कारकून. त्यांच्या बदलीबरोबर मुलाची शाळाही बदले. इंग्रजी शिक्षणासाठी भाऊरावांना कोल्हापूर गाठावे लागले. तेथे अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर त्यांनी स्नान करण्याचे नाकारले. त्यापायी त्यांना स्वतःचे बोर्डिंग सोडावे लागले. इंग्रजी सहावीपुढे त्यांचे शिक्षण गेले नाही.

पुढे किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले. शाळा शहरात आणि मुले रानात, हे चित्र त्यांनी तेव्हा जवळून पाहिले असावे, असे मला वाटते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यास बोर्डिंग निघाले. सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. बोर्डिंगातले धान्य संपले, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने तर दिलेच, शेवटी मंगळसूत्रही दिले.

परंतु बोर्डिंगात मुले मावणार किती? आणि ज्या गावात पहिलीचा वर्गच नाही, तेथला मुलगा साताऱ्यापर्यंत येणार कसा? कर्मवीरांचे खरे मोठेपण मला येथे दिसते. त्यांनी आधी शिक्षक घडविले. १९३५ मध्ये साताऱ्यास अध्यापक विद्यालय काढले आणि १९३८ पासून, जेथे शाळा नव्हती अशा खेड्यांत व्हॉलंटरी शाळा सुरू केल्या. देऊळ, चावडी, जी जागा मिळेल तेथे वर्ग भरे. मग १९४० मध्ये साताऱ्यास हायस्कूल आले, १९४७ मध्ये महाविद्यालय आणि १९५४ मध्ये कराडचे महाविद्यालय.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आईच्या गावी शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीचा वर्ग ओढ्यापलीकडच्या गावात, म्हणून तिचे शिक्षण तेथेच थांबले. बुद्धीत ती माझ्यापेक्षा उणी नाही. उणीव होती ती जवळच्या शाळेची.

१९५९ मध्ये कर्मवीरांना पद्मभूषण मिळाले. मॅट्रिक न झालेल्या या माणसाला पुणे विद्यापीठाने डी. लिट्. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील. आडगावी नेमणूक झाली की बदलीसाठी धडपडणारे आपण असणार, की तेथे पाय रोवून राहणारे? मित्रहो, कर्मवीरांची जयंती साजरी करताना एवढे तरी स्वतःला विचारू या.